मध्यवयातील व्यवसायांतर

मध्यवयातील व्यवसायांतर म्हणजे साधारणपणे वयाच्या पस्तिशी-चाळिशीपासून साठीपर्यंतच्या काळात व्यक्तीने आपला स्थिरावलेला व्यवसाय, नोकरी अथवा उपजीविकेचे साधन सोडून दुसरे स्वीकारणे, किंवा त्याच कामातील आपले स्थान, जबाबदारी व अधिकार मूलतः बदलणे होय. हा विषय मानसशास्त्र, समाजशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र यांच्या अभ्यासाचा भाग असून तो कार्यसमाधान, म्हणजे व्यक्तीला आपल्या कामातून मिळणारे समाधान, या संकल्पनेशी जोडलेला आहे.

या विषयावरील बहुतेक लेखन शहरी, पगारदार व उच्चशिक्षित नोकरदारांना समोर ठेवून झालेले आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत मात्र व्यवसायांतराचे अनेक प्रकार एकाच प्रदेशात आढळतात. वकिली सोडून कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारणारे बाबा आमटे याच प्रदेशातले. कोळसा खाणीसाठी जमीन गेल्यावर शेतकऱ्याचा खाणकामगार होणे आणि बांबू तोडणाऱ्या मजुरांच्या गावाने बांबूचा विक्रेता होणे, हेही येथेच घडले. या उदाहरणांवरून असे दिसते की, बदलातून समाधान मिळते की नाही हे बदलाच्या आकारापेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. बदलाचा निर्णय कोणी घेतला, ही पहिली गोष्ट. नव्या कामावर स्वतःचा अधिकार किती राहिला, ही दुसरी.

संकल्पना

कार्यसमाधान या विषयावरील आरंभीचे महत्त्वाचे पुस्तक रॉबर्ट हॉपॉक यांनी इ.स. १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, आपल्या कामाचे व कामातील अनुभवांचे मूल्यमापन करताना निर्माण होणारी सुखद भावावस्था म्हणजे कार्यसमाधान. या व्याख्येत मूल्यमापनाला महत्त्व आहे. एकच काम दोन माणसांना निरनिराळे समाधान देऊ शकते, कारण त्यांच्या अपेक्षा व मूल्ये वेगळी असतात.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये द्विघटक सिद्धान्त मांडला. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. वेतन, कामाची भौतिक परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक व नोकरीची शाश्वती हे ‘स्वास्थ्य घटक’ होत. ते नसतील तर असमाधान निर्माण होते. मात्र ते असल्याने समाधान मिळेलच असे नाही. यश, कामाची दखल, जबाबदारी व वाढीची संधी हे ‘प्रेरक घटक’ असून खरे समाधान त्यांतून येते, असे हर्झबर्ग यांचे म्हणणे होते. चांगला पगार असलेला माणूस नोकरी का सोडतो, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी हा सिद्धान्त आजही वापरला जातो.

रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची पाच लक्षणे सांगितली : कौशल्यांची विविधता, कामाचा आरंभापासून शेवटापर्यंतचा पूर्णपणा, कामाचे इतरांच्या जीवनातील महत्त्व, स्वायत्तता आणि आपले काम कसे झाले हे कळण्याची सोय. ही लक्षणे ज्या कामात अधिक, त्या कामात समाधानाची शक्यता अधिक असते. एमी रेझ्नेव्हस्की व जेन डटन यांनी २००१ मध्ये आणखी एका शक्यतेकडे लक्ष वेधले. कर्मचारी पुष्कळदा नोकरी न बदलता आपल्या कामाची व्याप्ती, कामातील नाती आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलून घेतात. याला कामाची पुनर्घडण असे म्हणता येईल.

मध्यवय ही जीवशास्त्रीय सीमारेषा नसून सामाजिक कल्पना आहे. कॅनडात जन्मलेले मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ मधील एका निबंधात ‘मध्यवयातील पेचप्रसंग’ ही संज्ञा रूढ केली. आयुष्याचा उरलेला काळ मर्यादित आहे, ही जाणीव या वयात प्रथमच तीव्रतेने होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. एरिक एरिक्सन यांच्या मते प्रौढपणी माणसापुढे पुढील पिढीसाठी काही घडवणे आणि आपल्यापुरते साचून राहणे असे दोन मार्ग असतात. असा पेचप्रसंग प्रत्येकाला येतोच, हे मत पुढील संशोधनात मान्य झालेले नाही. जीवनसमाधान चाळिशीच्या आसपास तळ गाठते व नंतर वाढते, असा निष्कर्ष डेव्हिड ब्लँचफ्लॉवर व अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी अनेक देशांतील माहितीवरून २००८ मध्ये काढला. त्याच्या सार्वत्रिकतेबद्दलही मतभेद आहेत.

भारतीय परंपरेतील आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. घरातील कर्तेपण पुढच्या पिढीकडे सोपवून वनाकडे वळणे, असा त्याचा अर्थ. ही कल्पना निवृत्तीची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनात मध्यवयात आलेली माणसे मात्र कामातून निवृत्त होण्यासाठी आली नव्हती; त्यांच्या आयुष्यातील मुख्य काम तेथे सुरू झाले.

प्रादेशिक पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित असून तेथे गोंड, माडिया गोंड आदी आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वनाबरोबरच कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे औद्योगिक रोजगार निर्माण झाला. एका जिल्ह्यात पाळीवर जाणारा कामगार आणि शेजारच्या जिल्ह्यात ऋतुमानानुसार काम बदलणारा वननिवासी, असे कामाचे दोन प्रकार येथे जवळजवळ नांदतात.

ऋतूनुसार बदलणारे व्यवसाय

एकाच व्यवसायात आयुष्य घालवणे हा औद्योगिक समाजाचा नियम आहे. या प्रदेशातील ग्रामीण कुटुंबांच्या बाबतीत तो पूर्वीही लागू नव्हता. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने तोडणे आणि मधल्या काळात बांबूचे काम, रोजगार हमीचे काम किंवा बाहेरगावी मजुरी, असे येथील वर्ष विभागलेले असते. अशा कुटुंबात ‘तुमचा व्यवसाय कोणता’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

झाडीपट्टी रंगभूमी हे याचे ठळक उदाहरण आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) हे या नाटक कंपन्यांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील अनेक कलावंत हंगामात नट किंवा गायक असतात आणि इतर वेळी शेती अथवा अन्य काम करतात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोली येथील परशुराम खुणे हे शेतकरी व झाडीपट्टीतील नामवंत विनोदी नट असून त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. शेती सोडून नाटकाकडे जाणे किंवा नाटक सोडून शेतीकडे वळणे, असा पेच या व्यवस्थेत उद्भवत नाही. दोन्ही कामे एकमेकांना आधार देतात : पीक बुडाले तर नाटकाची कमाई आणि नाटकाचा हंगाम मंदावला तर घरचे धान. उत्पन्नाची अनिश्चितता मात्र दोन्हीकडे राहते.

स्वेच्छेने केलेले व्यवसायांतर

बाबा आमटे व आनंदवन

मुरलीधर देविदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४ – ९ फेब्रुवारी २००८) यांचा जन्म हिंगणघाट येथे झाला. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी वरोरा येथे वकिली केली. घरची जमीनदारी व चालती वकिली असूनही ते या कामात रमले नाहीत. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना त्यांनी मैला वाहण्याचे काम स्वतः केले. याच काळात मरणासन्न अवस्थेतील एका कुष्ठरुग्णाला पाहून आपण प्रथम भ्यालो, आणि त्या भीतीवर मात करण्याच्या प्रयत्नातून पुढील काम उभे राहिले, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. कुष्ठरोगावरील उपचारांचे प्रशिक्षण त्यांनी तत्कालीन कलकत्ता येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवनाचा आरंभ झाला. त्या वेळी बाबा आमटे ३६ वर्षांचे होते.

या व्यवसायांतरात तीन टप्पे स्पष्ट दिसतात : जुन्या कामाविषयी दीर्घकाळ वाटणारी अस्वस्थता, नव्या कामाचा प्रत्यक्ष अल्प अनुभव आणि नंतर रीतसर प्रशिक्षण. व्यवसायांतराच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी २००३ मधील आपल्या पुस्तकात असाच क्रम मांडला आहे. त्यांच्या मते, माणूस आधी पूर्ण विचार करून मग बदलत नाही. लहान प्रयोग करत करत त्याला आपली नवी ओळख सापडते.

बाबा आमटे यांचे हे एकमेव व्यवसायांतर नव्हते. वयाच्या ५९ व्या वर्षी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, त्यांनी भामरागड परिसरातील हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्याची जबाबदारी पुढे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सांभाळली. या दोघांना २००८ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये, पंचाहत्तरीत, बाबा आमटे नर्मदाकाठी राहावयास गेले. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते, तरीही हा बदल त्यांनी केला.

हेमलकशाच्या कार्यकर्त्यांमध्येही व्यवसायांतर केलेली माणसे होती. विलास मनोहर हे पुण्यातील आपला व्यवसाय सोडून तेथे आले. तेथील वन्यप्राण्यांच्या सहवासावर त्यांनी ‘नेगल’ हे पुस्तक आणि आदिवासी जीवनावर ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. नव्या कामाने त्यांना लेखक ही आणखी एक ओळख दिली.

आनंदवनातील रहिवाशांचे व्यवसायांतर

आनंदवनाची कथा बहुधा संस्थापकाच्या अंगाने सांगितली जाते. व्यवसायांतराच्या दृष्टीने तेथील रहिवाशांचा अनुभव अधिक मूलगामी आहे. कुष्ठरोगाचे निदान झाले की शेतकरी, मजूर किंवा कारागीर माणूस घर, गाव व धंदा तिन्हींना मुकत असे. हा रोग हातापायांच्या नसांवर आघात करतो. संवेदना गेलेल्या हाताला चटका किंवा जखम कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांतून बोटे झडतात. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे उपलब्ध झाल्यावर रोग आटोक्यात येऊ लागला, तरी बरा झालेला माणूस आपल्या जुन्या कामावर परत जाऊ शकत नव्हता. शरीर बदललेले होते आणि समाजाचे दार बंद होते.

आनंदवनात अशा रहिवाशांनी विहिरी खणल्या, शेती व दुग्धव्यवसाय उभा केला आणि हातमाग, पत्र्याचे डबे बनवणे, छपाई, सुतारकाम असे उद्योग आत्मसात केले. हातांच्या क्षमतेनुसार अवजारे व कामाची पद्धत बदलून घेण्यात आली. दान घेण्यापेक्षा श्रमातून प्रतिष्ठा मिळवणे, हे या रचनेचे सूत्र होते. हॅकमन व ओल्डहॅम यांनी सांगितलेली लक्षणे येथे सहज ओळखू येतात. स्वतः पेरलेले धान्य स्वतःच्या वसाहतीत शिजते, म्हणजे काम पूर्ण असते आणि त्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसतो. १९६७ मध्ये मूल तालुक्यातील सोमनाथ येथे सुरू झालेल्या प्रकल्पात बऱ्या झालेल्या रुग्णांनी जंगलाकाठच्या जमिनीवर शेती उभी केली.

सर्च व गावातील आरोग्यदूत

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. नवजात बालकांच्या घरोघरी काळजीसंबंधीचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ गावांतील प्रयोगाची माहिती असून तेथे नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले होते. या प्रयोगाचा कणा गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया होत्या. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे व जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, ही कामे त्या करू लागल्या.

अशा स्त्रियांच्या बाबतीत ‘व्यवसाय सोडणे’ हा शब्दप्रयोग अपुरा पडतो. घर, शेत आणि वनोपज ही त्यांची पूर्वीची कामे चालूच राहिली. त्यांत गावाने मान्य केलेल्या एका नव्या कामाची भर पडली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ नंतर देशभर नेमलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांसाठीही २५ ते ४५ हा वयोगट सुचवलेला आहे. मुले काहीशी मोठी झाल्यावर मिळणारे पहिलेच मोबदल्याचे काम, हे ग्रामीण स्त्रियांच्या मध्यवयातील बदलाचे एक प्रमुख रूप आहे. मोबदला अत्यल्प असणे ही त्याची उणी बाजू होय.

नोकरी न सोडता झालेला बदल

व्यवसायांतर हाच असमाधानावरील उपाय नसतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनखात्यात ३६ वर्षे नोकरी करून १९९० मध्ये निवृत्त झाले. पूर्व विदर्भातील नवेगाव बांध व नागझिरा या जंगलांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. वनाधिकाऱ्याच्या नेमून दिलेल्या कर्तव्यांना त्यांनी पक्षिनिरीक्षण, संस्कृत ग्रंथांचे अध्ययन आणि आदिवासींकडील निसर्गज्ञानाची नोंद यांची जोड दिली. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द त्यांनी मराठीत रूढ केले. निवृत्तीनंतर पक्षिकोश, प्राणिकोश यांसारखी कामे त्यांच्या हातून झाली ती या तयारीवर. नोकरीच्या चौकटीत कामाची पुनर्घडण कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी त्यानंतरच्या आत्मपरीक्षणाचा वृत्तान्त लिहिला आहे. आवडते व अर्थपूर्ण कामही माणसाला आजारी पाडू शकते, हे त्यातून पुढे येते. त्यांनी काम सोडले नाही. आहार, व्यायाम, ध्यान आणि कामाची गती यांत बदल केला. कार्यसमाधान आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिल्या गोष्टीमुळे दुसरीची हमी मिळत नाही, हा या अनुभवाचा विशेष होय.

तेच काम, बदललेला अधिकार

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव ग्रामसभेच्या सर्वसहमतीच्या कारभारासाठी ओळखले जाते. देवाजी तोफा व ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे १९८० च्या दशकापासून अभ्यासगटांची पद्धत रुजली. या परिसरातील बांबू कागद कारखान्याला दिला जाई आणि गावकरी तो तोडणारे मजूर होते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यामुळे बांबूची विक्री ग्रामसभा स्वतः करू शकली.

बांबू तोडणाऱ्या माणसाच्या हातातील कोयता तोच राहिला. मात्र किती बांबू तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी किती ठरवायची, माल कोणाला विकायचा आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे, हे प्रश्न आता ग्रामसभेत येऊ लागले. मोजणी, नोंदवही, निविदा व बँकेचा व्यवहार ही कौशल्ये लोकांना नव्याने शिकावी लागली.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. या ग्रामसभेने बांबूची विक्री सुरू केली, पण तेंदूपानांचा हंगाम बंद ठेवण्याचे ठरवले. पानांसाठी झाडांची छाटणी होते व आगी लावल्या जातात, आणि तेंदूचे फळ माणसांना व पाखरांना मिळत नाही, ही त्यामागची कारणे होती. हातात येणारा पैसा नाकारण्याचा हा निर्णय मजुराला घेता येत नाही. तो हक्क असलेल्या माणसालाच घेता येतो. स्वायत्तता या शब्दाचा व्यावहारिक अर्थ येथे स्पष्ट होतो.

परिस्थितीने लादलेले व्यवसायांतर

खाणी व उद्योग. चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणी प्रामुख्याने वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या कोल इंडियाच्या उपकंपनीकडे आहेत. जमीन संपादित झालेल्या कुटुंबाला भरपाईबरोबर नोकरी देण्याची तरतूद पुनर्वसन धोरणात आहे. पगार, निवृत्तिवेतन व वैद्यकीय सोय यांमुळे ही नोकरी अनेकांना हवीशी वाटते. हर्झबर्ग यांच्या भाषेत स्वास्थ्य घटक सुधारतात. पण पेरणीचा निर्णय स्वतः घेणारा माणूस पाळीच्या भोंग्याला बांधला जातो. जमीन एका पिढीत जाते आणि नोकरीही साठीला संपते, त्यामुळे पुढच्या पिढीपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यात सूरजागड (ता. एटापल्ली) येथील लोहखनिज खाण आणि कोनसरी (ता. चामोर्शी) येथील प्रकल्प यांनी असाच बदल सुरू केला आहे. रोजगारामुळे त्याचे स्वागत होते, तर वनहक्क व पर्यावरणाच्या कारणावरून काही गावांनी विरोध केला आहे.

वन्यजीव संरक्षण. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील काही गावांचे बाहेर पुनर्वसन झाले. वनोपज व गुरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे उपजीविका बदलावी लागली. प्रकल्पाच्या सीमेवरील गावांत मार्गदर्शक, जिप्सीचालक व निवासव्यवस्थेतील कर्मचारी अशी नवी कामे निर्माण झाली असून स्त्रियाही मार्गदर्शक व चालक म्हणून काम करतात. जंगलाचे ज्ञान ही त्यांची जुनी पुंजी नव्या व्यवसायात उपयोगी पडते. मात्र ही कामे मोजकीच असतात आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते. मोहफुले व तेंदूपाने वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मृत्युमुखी पडण्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्यात वारंवार घडतात. पर्यायी काम नसलेल्या माणसाला धोका माहीत असूनही पहाटे जंगलात जावे लागते.

धोरणात्मक निर्णय. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली व २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदीमागे स्त्रियांचे दीर्घ आंदोलन होते. परवानाधारक विक्रेते व त्यांच्याकडील कामगार यांना मात्र सहा वर्षांत दोनदा आपल्या धंद्याचा फेरविचार करावा लागला.

सशस्त्र चळवळीतून परतणे. नक्षलवादी चळवळ सोडून येणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची आत्मसमर्पण व पुनर्वसन योजना २००५ पासून आहे. तरुणपणीच जंगलात गेलेल्या व चाळिशीत परतणाऱ्या व्यक्तीकडे औपचारिक शिक्षण, कागदपत्रे व कामाचा मान्य अनुभव यांपैकी काहीच नसते. घर, ओळखपत्रे व व्यवसाय प्रशिक्षण यांवर पुनर्वसनाचा भर असतो तो यामुळे.

आर्थिक व प्रशासकीय बाजू

मध्यवयात घरकर्ज, मुलांचे शिक्षण व वृद्ध आईवडील या जबाबदाऱ्या एकाच वेळी असतात. त्यामुळे बदलाचा निर्णय इच्छेइतकाच आधारावर अवलंबून असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सरळसेवा भरतीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे आहे. त्यानंतर शासकीय नोकरीचे दार बहुतांशी बंद होते. शासकीय कर्मचाऱ्याला २० वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी नव्हती. खासगी क्षेत्रात कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या नियमित लाभासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. म्हणून नोकरी सोडण्याच्या तारखेला मोठे महत्त्व असते.

शिक्षणाच्या बाजूने काही सोयी उपलब्ध आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी अभ्यासक्रम चालवते. गडचिरोली येथे २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र असून तेथे बांबूपासून वस्तू बनवण्याचे शिक्षण दिले जाते. लहान व्यवसायासाठी तारणाशिवाय कर्ज देणारी प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून सुरू आहे. स्त्रियांच्या बाबतीत बचत गट हे भांडवलाचे व आत्मविश्वासाचे पहिले साधन ठरते.

टीका व मर्यादा

व्यवसायांतराच्या प्रसिद्ध कथांविषयी तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, यशस्वी झालेल्यांच्याच कथा सांगितल्या जातात. बदल करून फसलेल्यांची नोंद राहत नाही. त्यामुळे धाडस केले की समाधान मिळतेच, असा गैरसमज पसरतो.

दुसरा आक्षेप कुटुंबाविषयी आहे. एका व्यक्तीचे व्यवसायांतर हे बहुधा संपूर्ण घराचे स्थलांतर असते. साधना आमटे यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनात आनंदवनाच्या उभारणीतील त्यांच्या वाट्याचे कष्ट व निर्णय दिसतात. ते वाचल्यावर बाबा आमटे यांचा बदल एकट्याचा होता, असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सामाजिक विषमतेचा आहे. पदवी, जमीन किंवा घराण्याचा आधार असलेल्या माणसाला नवा मार्ग चुकला तर परतण्याची वाट असते. भूमिहीन मजुराला ती नसते. त्याच्यासाठी व्यवसाय बदलणे हे बहुधा एका असुरक्षित कामातून दुसऱ्या असुरक्षित कामात जाणे ठरते. कामात रस न वाटणे ही त्या माणसाची पहिली तक्रार नसते. मजुरी वेळेवर न मिळणे ही असते. म्हणूनच कार्यसमाधानाचा प्रश्न केवळ व्यक्तीच्या मनोवृत्तीचा मानता येत नाही. मेंढा (लेखा) व पाचगाव येथील लोकांचे काम बदलले ते कायद्याने दिलेल्या हक्कामुळे, आणि आनंदवनातील रहिवाशांचे बदलले ते एका संस्थेने दिलेल्या निवाऱ्यामुळे व प्रशिक्षणामुळे. आधाराची अशी जमीन पायाखाली असेल, तेव्हाच मध्यवयातील बदल हा निवडीचा विषय होतो; एरवी तो केवळ निभावून नेण्याचा प्रसंग असतो.